रेक्झिनखालचा कंपनीचा रंग

आमच्या फटफटीच्या टाकीचा रंग मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला आणि त्याच दिवशी तो खरवडूनही ठेवला.

पहिल्यांदा पाहिला, याचं कारण त्या टाकीवर माझ्या जन्माआधीपासून काळ्या रेक्झिनचं कव्हर होतं. खालून वाद्या आणि बकलं, वरून पेट्रोलच्या झाकणापुरतं गोल भोक. त्या भोकाच्या कडेला बोटभर मरून रंगाची कड दिसायची, तेवढाच काय तो रंग आमच्या वाट्याला आलेला. मडगार्डंही मरूनच होती, पण त्यांना ऊन, चिखल आणि खडी असं सगळं लागलेलं. टाकी मात्र सोवळ्यात. कुणी पाहुणा आला आणि त्यानं ओट्याखाली उभ्या असलेल्या गाडीकडं नुसती नजर टाकली, की अण्णा, म्हणजे माझे वडील, चहाचा कप खाली ठेवून सुरू व्हायचे. आत कंपनीचा रंग आहे. पिकल्या जांभळासारखा मरून, त्यावर दोन सोनेरी रेघा, एक जाड आणि एक केसाएवढी. कारखान्यातल्या कारागिरानं पट्टी न धरता नुसत्या हातानं ओढलेल्या. गाडी शोरूममधून निघाली तेव्हा होता तस्साच आहे सगळा.

पाहुणा साहजिकच म्हणायचा, दाखवा की. त्यावर अण्णा असा चेहरा करायचे, जणू त्यानं देव्हाऱ्यातला देव खेळायला मागितलाय.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत अण्णांची ख्याती या एकाच गोष्टीवर उभी होती. ते पाटबंधाऱ्यात नोकरीला, रोज फटफटीवर पैठणला जाऊन येणारे. तशी नोकरी करणारे गल्लीत चारजण होते, पण कंपनीचा रंग फक्त आमच्याकडं. खंडेनवमीला सगळ्यांच्या गाड्या धुऊन निघायच्या, टाक्यांवर हळदीकुंकवाची बोटं उठायची. आमची पूजा रेक्झिनची व्हायची. आई कव्हरावरच कुंकू लावायची, झेंडूचा हार घालायची आणि पदराआड हसायची. ते हसणं कशाचं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता माझ्या पराक्रमाकडं येतो. मी कॉलेजात असताना अण्णांच्या कमरेत उसण भरली आणि ते आठवडाभर यष्टीनं पैठणला जाऊ लागले. गाडी घरी, किल्ली खुंटीवर. त्यातच वर्गातल्या एका शहाण्यानं पिंक टाकली, की कव्हराखाली नुसता गंज असणार, म्हणून तुझे वडील ते काढत नाहीत. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता. मी दुपारी बकलं सोडली, कव्हर सोललं आणि बघतच राहिलो. अण्णा बोलायचे त्यात एक शब्दही खोटा नव्हता. इतकी वर्षं आपण या माणसाची थट्टा केली याची मला मनापासून लाज वाटली. ती लाज साधारण पाच मिनिटं टिकली, आणि मग मी उघडी टाकी घेऊन कॉलेजच्या फाटकासमोरून तीन चकरा मारल्या.

परत येताना, घरापासून पन्नास पावलांवर, कुणाच्या तरी बांधकामाची वाळू रस्त्यावर सांडलेली होती. पुढचं सांगत नाही. गाडी डाव्या अंगावर गेली, माझं कोपर सोललं, आणि टाकीच्या डाव्या बाजूला दोन्ही रेघांना कापत वीतभर ओरखडा गेला.

कोपराचं दुःख मला आठवतही नाही. ओरखडा अजून आठवतो.

शहागंजात तेव्हा एक चाचा होते. आधी टांग्यांच्या चाकांवर रेघा मारायचे, टांगे कमी झाले तसे रिक्षांवर आणि टाक्यांवर आले. आता त्यांच्या त्या जागेवर मोबाईलची कव्हरं मिळतात. मी टाकी काढून तिच्या जागी कव्हरात उशी कोंबली, टाकी चादरीत गुंडाळून त्यांच्यासमोर ठेवली आणि रडकुंडीला येऊन सांगितलं, की चाचा, कंपनीसारखी हुबेहूब पाहिजे, उजवी बाजू बघून डावी मारा, घरात कुणाला कळता कामा नये. चाचांनी चष्मा वर केला. टाकी फिरवून उजवी बाजू पाहिली, तिची मागची कड पाहिली, आणि हसायला लागले. इतके हसले, की ठसका लागून त्यांना पाणी प्यावं लागलं. मला वाटलं, माझ्या तोंडाकडं बघून हसतायत.

"बेफिकर रहो मियाँ," ते म्हणाले. "ये कंपनी का हात मैं अच्छे से पहचानता."

दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर त्यांनी रेघ मारली. खारीच्या शेपटीच्या केसांचा लांब ब्रश, करंगळी टाकीच्या कडेला टेकवलेली, आणि श्वास रोखलेला. रेघ सुरू झाली ती संपेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही, मीही घेतला नाही. शेवटी सीटखाली जाणाऱ्या टोकाला, जिथं कुणाचं लक्ष जायचं नाही तिथं, त्यांनी काळ्या रंगाचा तिळाएवढा ठिपका ठेवला. मी विचारलं, हे काय. नजरेचं तीट, ते म्हणाले. देखणं काम झालं की ठेवायचंच, लेकरू असो का टाकी असो.

टाकी बसली, कव्हर चढलं, बकलं लागली. अण्णांची कमर बरी झाली आणि ते गाडीवर पैठणला गेले. त्या दिवसापासून कव्हर टाकीचं कमी आणि माझं जास्त रक्षण करू लागलं.

साहजिकच मी कव्हराचा कट्टर भक्त झालो. रेक्झिनला पुढं तडे गेले, तेव्हा अण्णा नवं शिवायला निघाले. मी घाईघाईनं म्हणालो, जुनं काढूच नका, त्याच्यावरूनच माप द्या, हवा लागली तर रंग उडतो. अण्णांनी माझ्याकडं इतक्या मायेनं पाहिलं, की मला गलबलून आलं. पोराला अखेर वस्तूची किंमत कळली असं त्यांना वाटलं असणार, असं मला वाटलं. पुढं आणखी दहाबारा वर्षांनी तिसरं कव्हर दुसऱ्यावर चढलं, आणि टाकी गरोदर बाईसारखी दिसू लागली. कुणी त्यावर काही बोललं तर आम्ही बापलेक दोघंही अंगावर धावून जायचो.

असं सदतीस वर्षं सुखात चाललं होतं. मग माझ्या मुलीनं घात केला.

ती पुण्याला नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात महिनाभर घरून काम करायला आली, आणि शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार असल्याचं तिनं फोनवर वाचलं. त्यात एक गट होता, कारखान्यातून निघाल्यापासून रंग न बदललेल्या गाड्यांचा. तिनं आजोबांना न विचारता, बापाला न विचारता फॉर्म भरला. गाडीचा फोटो जोडला आणि खाली लिहिलं, टाकी अठ्ठावन्न वर्षं झाकलेली आहे. पुण्याच्या परीक्षकाला बहुधा रात्रभर झोप लागली नसावी. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, की प्रदर्शनाआधी मी स्वतः घरी येऊन कव्हर काढलेलं पाहतो.

अण्णा आता त्र्याऐंशी वर्षांचे. ते म्हणाले, थंडीत रंग आक्रसतो, आत्ता नको. मी म्हणालो, बरोबर आहे. मुलगी म्हणाली, मग उन्हाळ्यात. अण्णा म्हणाले, उन्हाळ्यात तर रंग फुगतो. मी म्हणालो, अगदी बरोबर, मी वाचलंय कुठंतरी. आम्ही दोघं एकामागून एक अशी कारणं काढत गेलो, की ऐकणाऱ्याला वाटावं, आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात होतो. आई तिथंच मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

"बापलेकाचं एकमत झालंय," ती नातीला म्हणाली. "म्हणजी घरात कायतरी मोडलंय."

नात कुणाचं ऐकणारी नव्हती. दिवस ठरला.

मला खरोखर भीती वाटत होती. शिक्षेची नव्हे, छप्पन्नाव्या वर्षी कोण काय करणार. पण अण्णांजवळ मिरवायला दुसरं काही नव्हतं. ना बढती मिळाली, ना बंगला झाला. एक शब्द होता, कंपनीचा रंग, आणि तो त्यांनी अख्ख्या गल्लीला आयुष्यभर सांगितला होता. आता परका माणूस येऊन तो खोटा ठरवणार होता, आणि तो खोटा केला होता मी. तीनदा मी कबुली द्यायला त्यांच्याजवळ जाऊन बसलो. दोनदा धीर झाला नाही. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर अण्णाच पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "तुला एक सांगायचं व्हतं." मी म्हणालो, सांगा. ते माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, नळाचा वायसर बदलायला पायजे.

परीक्षक रविवारी सकाळी आले. गोरे, बारीक, खांद्याला पिशवी, आणि बोलणं इतकं शुद्ध, की गल्लीतले जमलेले शेजारी मुकाट झाले. हो, शेजारी जमले होतेच. असली बातमी फुटल्याशिवाय राहते का? परीक्षकांनी पिशवीतून भिंग, टॉर्च आणि मऊ फडकं काढलं. आधी मडगार्डं पाहिली आणि मान डोलावली. मग तिसरं कव्हर निघालं, मग दुसरं. पहिलं टाकीला चिकटून बसलेलं, ते त्यांनी इतकं हळूहळू सोललं, की अण्णांनी डोळे मिटून घेतले. मी पण मिटले.

गल्लीतून वा, वा असा आवाज आला तेव्हा मी डोळे उघडले. टाकी तशीच होती. तळाशी, वाद्यांखाली, थोडा गंज धरला होता, बाकी जांभळाचा तोच रंग, सोनेरी रेघा जरा पिकलेल्या. शेजारच्या काकांनी अण्णांना चक्क नमस्कार केला. अण्णांनी तो घेतला नाही, ते परीक्षकांच्या भिंगाकडं बघत होते.

परीक्षकांनी डावी बाजू पाहिली. उजवी पाहिली. पुन्हा डावी पाहिली. मग सीट काढायला सांगितली, ती मी काढली. त्यांनी टॉर्च मारली आणि मला म्हणाले, "काम अप्रतिम आहे. पण हे कारखान्याचं नाही."

मी म्हटलं, झालं.

ते समजावून सांगू लागले. कारखान्यात रेघा हातानंच मारत, हे खरं. पण म्हणूनच डावी आणि उजवी कधी तंतोतंत जुळत नसत, ब्रश उचलला जायचा ती जागा थोडी मागेपुढे व्हायचीच. इथं दोन्ही बाजू आरशात पाहिल्यासारख्या सारख्या आहेत, एकीकडं बघून दुसरी मारल्यासारख्या. शिवाय दोन्हीकडं रेघेच्या टोकाला हे ठिपके. असे ठिपके कुठलीच कंपनी देत नाही.

दोन्हीकडं?

मी वाकून पाहिलं. डावीकडं माझं तीट होतं, ओळखीचं. उजवीकडंही तसंच होतं, तिळाएवढं, काळं. ती बाजू मी कधी चाचांकडं दिली नव्हती. ती तर कंपनीची होती, तिच्याकडं बघूनच चाचांनी माझी मारली होती, आणि तिच्याकडं बघूनच चाचांना ठसका लागला होता. आणि आता कुठं सदतीस वर्षांनी माझ्या डोक्यात उजेड पडला, की चाचा स्वतःच्याच कामाला बघून हसत होते.

मी सरळ उभा राहिलो आणि गल्लीच्या देखत सांगून टाकलं, "डावी माझी. कॉलेजात असताना पाडली."

अण्णांनी मला नखशिखांत पाहिलं. चिडतील म्हणून मी मान खाली घातली.

"पन्नास वर्सं," ते म्हणाले, "मी तुला भिऊन ऱ्हायलो. एक दिवस हा पोरगा कव्हर काढंल, आन् मला इचारंल." मग ते परीक्षकांकडं वळले. "उजवी मी पाडली साहेब. गाडी घेऊन महिनाच झाला व्हता."

परीक्षक बिचारे कधी अण्णांकडं, कधी माझ्याकडं बघू लागले. माझी मुलगी भिंतीला टेकून हसत खाली बसली होती. मलाही हसू फुटणार, एवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन ओट्यावर आली. तिनं ट्रे खाली ठेवला, पदरानं हात पुसले.

"या वयात खोटं कशाला बोलता," ती अण्णांना म्हणाली. "उजवी मी पाडली."



अण्णा घाईनं म्हणाले, नाय नाय, तिचं काही ऐकू नका. पण आई आता थांबणार नव्हती. अठ्ठावन्न वर्षं दाबून धरलेलं बोलणं तिनं उभ्याउभ्या सांगितलं. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. अण्णा तेव्हा पैठणला राहत, जायकवाडीच्या धरणाचं काम चाललेलं, भरावावरचा नवा रस्ता सुट्टीच्या दिवशी मोकळा असायचा. तिनंच हट्ट धरला, मला चालवायचीय. अण्णांनी शिकवली. तीनचार वेळा नीट चालवलीही, लुगड्याचा काचा मारून. मग एकदा क्लच झटक्यात सुटला. चार बांगड्या फुटल्या आणि उजवीकडं टाकी घासली. नेमके पुढच्या रविवारी आजोबा, म्हणजे तिचे सासरे, गावाकडून नवी गाडी बघायला येणार होते. सून टांग टाकून फटफटी चालवते हे त्यांच्या कानावर गेलं असतं, तर तिला माहेरी धाडायला त्यांना दुसरा दिवस लागला नसता.

अण्णांनी गाडी शहागंजात नेली. रंग वाळला होता, पण पुरता मुरला नव्हता, आणि आजोबांची नजर घारीची. म्हणून कव्हर शिवलं. आजोबा आले, त्यांनी कव्हरावरून हात फिरवला आणि चारचौघांत म्हणाले, माझा लेक वस्तू जपणारा आहे. कौतुकाचं असं ते जन्मात दोनदाच बोलले. त्यानंतर कव्हर काढायची सोय राहिली नाही. आजोबा गेले तरी राहिली नाही. एकदा मारलेली थाप घरात म्हातारी झाली, की तिला बाहेर काढवत नाही.

"तिचं नाव मधी येऊ नये, एवढंच," अण्णा म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले, की शेजाऱ्यांना ऐकू गेलं नसावं. मला गेलं, आणि ज्या माणसाला मी आयुष्यभर रंगाचा चिक्कू म्हणून हिणवलं, त्याच्याकडं मला नीट बघवेना.

मी विषय बदलायला म्हणालो, आई, पण माझ्या डाव्या बाजूचं तुला आत्ताच कळलं ना? ती म्हणाली, त्याच दिवशी कळलं होतं. पँटच्या खिशात पावशेर वाळू होती. म्हणजे दोन्ही बाजू माहीत असलेली घरात ती एकटीच, आणि ती दर खंडेनवमीला रेक्झिनला कुंकू लावून हसत होती.

परीक्षकांनी दुसरा कप चहा घेतला. त्यांच्या गटात आता गाडी बसत नव्हती, तरी ते उठायला तयार नव्हते. शेवटी म्हणाले, प्रदर्शनात तशीच आणा, स्पर्धेबाहेर ठेवू. फक्त गाडीसमोरच्या पाटीवर रंगाचा तपशील लिहावा लागतो, तो सांगा. त्यांनी पेन काढलं.

अण्णा खुर्चीत ताठ बसले. पाटबंधाऱ्यातला रिपोर्ट सांगावा तसं सांगू लागले. झाकणाभोवती बोटभर, कंपनीचा रंग. डावी बाजू, मुलाच्या हातून अपघात. उजवी बाजू, पत्नीच्या हातून अपघात.

"अपघात नका लिहू," आई म्हणाली.

परीक्षकांचं पेन थांबलं.

"गाडी मी चालवत व्हते, असं लिहा."

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं. मग परीक्षकांना म्हणाले, "लिहा साहेब. उजवी बाजू, पत्नी गाडी चालवत असताना. डावीचं तसंच ऱ्हाऊ द्या, तो अपघातच हाये."

प्रदर्शनाला आम्ही गाडी उघड्या टाकीनं नेली. आई सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडीच्या उजव्या बाजूलाच उभी होती.